चार वाजून बारा मिनिटांचा दगड

बाबा गच्चीवरून टॉवेलात दगड गुंडाळून खाली आले, तेव्हा मी आधीच वैतागलेली होते.

"आभाळातून पडला," ते म्हणाले. "कुंडी फुटली बघ."

आदल्याच दिवशी त्यांनी आईला चहासाठी हाक मारली होती. आईला जाऊन सहा वर्षं झालीत. मी म्हटलं, "बाबा, कुंडी तुम्हीच फोडलीत ना? मी रागावत नाही." हे धादांत खोटं होतं. गच्चीला मी कुलूप घातलं. दगड काळा, गुटगुटीत आणि दिसतो त्यापेक्षा जड होता. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला तो लावून टाकला. बाबा रोज कुलपाकडे बघायचे, मग दगडाकडे.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या एक बाई घरोघरी विचारत आल्या, त्या दुपारी गडगडाट ऐकलात का? पाणी प्यायला आत आल्या आणि दाराशीच उकिडव्या बसल्या.

"हा इथे काय करतोय?"

"दार धरतो," मी म्हटलं.

त्यांनी दगड नेला, कापला, पातळ चकती भिंगाखाली पाहिली. वर नखाइतकं पातळ काळं कवच, आत राखाडी, बारीक गोल दाणे, मध्ये लोखंडाची चमक. मग एक फॉर्म घेऊन परत आल्या.

"उल्कापाषाणच आहे. वर्गही ठरला. साधारण कोंड्राइट."

बाबा दुखावले. "एवढ्या लांबून येऊन साधारणच?"

"म्हणजे नेहमी आढळणारा, आजोबा," बाई हसल्या. "पण एक रकाना राहिलाय. पडताना कोणी पाहिला, की नुसता सापडला? पाहिला असेल तर वेळ हवी. गल्लीत जो तो वेगळीच सांगतोय."

विचारलं बाबांना, पण पाहिलं माझ्याकडे. ती नजर मी ओळखली. बाबांच्या शब्दावर भरवसा नसलेली, माझीच होती.

बाबा उठले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. काहीही झालं की आधी मनगट बघणार, मग बाकीचं. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा मुलगा की मुलगी हे त्यांनी नंतर विचारलं, असं आई सांगायची. त्यांनी दुरुस्तीची वही आणून उघडली.

"उजेड ४:१०. गडगडाट ४:११. दगड, कुंडीवर, ४:१२."

खाली आणखी एक ओळ होती. "ठमीला सांगितलं. ती दमलेली आहे."

बाईंनी यंत्रांच्या नोंदी काढल्या. उजेड आणि गडगडाट मिनिटाला मिनिट जुळले. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण ठमी मीच, आणि मी ढसाढसा रडत होते. त्या रकान्यात बाबांचं नाव लागलं. संध्याकाळी मी गच्चीचं कुलूप काढलं, आणि माणसाचं बोलणं पुरतं ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असा कानाला खडा लावला.

काही महिन्यांनी बाईंनी एक छोटा तुकडा आम्हाला पाठवला. बाबांनी तो हातात फिरवून पाहिला.

"हा कुठून आणलास?"

"आभाळातून पडला, बाबा."

"काहीतरीच! कोणी पाहिला?"

"तुम्ही."

"मी? मला नाही आठवत."

"मला आठवतं ना. चार वाजून बारा मिनिटांनी."

त्यांनी मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू म्हणतेस तर पडला असेल," ते म्हणाले.