कोपरापर्यंत

डॉक्टरीणबाईंनी समोर बसलेल्या आवडीच्या मनगटातल्या काचेच्या काकणांखाली बोट घालून पाहिलं. बोट जेमतेम शिरलं. कासाराने चुडा भरावा तर असा. हात दुखेल, पण काकण हलणार नाही.

"ही काढावी लागतील," बाई म्हणाल्या. "मुंबईला बाळंतपणाच्या खोलीत कोपरापर्यंत हात मोकळे लागतात. दीड वर्ष."

महाडच्या दवाखान्याच्या ओसरीवर आवडीने हात पदराखाली नेला. तिचा चुलतसासरा गोमाजी खांबाला टेकून उभा होता, तो ताठ झाला. सासू ठकूबाई, वाडीची सुईण, खाली बसली होती, ती तशीच बसून राहिली.

उमरठच्या वरच्या वाडीतून आदल्या दिवशी निघून, पोलादपूरला आवडीच्या मामाकडे मुक्काम करून तिघं इथवर आली होती, ती आवडीचं नाव कोणत्या शिक्षणाला घालायचं हे ठरवायला. वाटा दोन होत्या. एक महाडलाच, सहा महिन्यांचा सुइणींचा वर्ग. तिथे काकणं वर सारून फडक्याने बांधली तरी चालत. पण पुढे बाळंतपण अडलं की त्या सुइणीने हात आवरायचा आणि डॉक्टरला बोलावणं धाडायचं. दुसरी वाट मुंबईची. परीक्षा द्यायची, शिक्क्याचा दाखला घेऊन यायचं, आणि अडलेल्या बाईलाही आपल्या हाताने सोडवायचं. त्याला मराठी चौथी पास लागे. मामा शाळेत पट्टेवाला, म्हणून आवडी चौथी झाली होती. अख्ख्या वाडीत कागद वाचणारी बाई ती एकटी, आणि हे ठकूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारताच सांगे.

आवडीच्या नवऱ्याने, भिकूने, मुंबईच्या गिरणीतून एका ओळीचं पत्र धाडलं होतं : आई म्हणेल तसं.

"सहा म्हैन्यांचाच लिवा," गोमाजी म्हणाला. "नवरा जिता हाय तिचा. सवाष्णीचे हात भुंडे करायचे? असला अपशकून आमच्या घरात नको."

"मला चालंल तो वर्ग," आवडी हळूच म्हणाली. पण बोलताना ती टेबलावरच्या मुंबईच्या अर्जाकडे बघत होती. सुइणीपासून पोट लपत नाही, तिथे मन काय लपणार?

"बाय," ठकूबाईने विचारलं, "सहा म्हैनेवाली डॉक्टरला बोलावनार. पावसात डॉक्टर उमरठला कंदी पोचनार?"

डॉक्टरीणबाई खरं बोलणाऱ्या होत्या.

"नाही पोचणार," त्या म्हणाल्या.

ठकूबाईने मान हलवली. गेल्या श्रावणात खालच्या घरची तुळजा दोन दिवस अडून तिच्या मांडीवर गेली होती. तीस वर्षांच्या सरावाच्या हातांना त्या दिवशी काही सुचलं नव्हतं. त्यावर ती कधी बोलली नाही. दिवा धरून बसलेली आवडीही बोलली नाही.

ठकूबाई उठून उभी राहिली.

"भावजी, तुमचा कुशाबा कुनाच्या हातात आला?"

"तुमच्याच, वैनी."

"तवा माजे हात कसे होते?"

गोमाजीची नजर तिच्या हातांवर गेली. भिकू पाळण्यात असतानाच ठकूबाईचा नवरा गेला, तेव्हापासून तिच्या मनगटात काही नव्हतं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे. बाळंतपणाला मात्र तीच माणसं अनवाणी धावत येत.

"वाडीचं दरेक पोर ह्या भुंड्या हातांत पडतं," ती म्हणाली. "तवा अपशकून नाय होत तो?"

तिने बाईंकडून पाण्याचं घमेलं आणि साबण मागून घेतला. सुनेला समोर बसवून तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. भिकू तिचा एकुलता एक. साबण चोळताना तिचे ओठ हलत होते. गावदेवीचं नाव असावं.

"अंग सैल सोड गो. जोर नको लावूस."

आवडीचा अंगठा तळव्यात दुमडून, सांधा दाबून तिने पहिलं काकण काढलं. मग दुसरं. कुठे ओढाताण नाही की घाई नाही. आवडीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात तिने मागे घेतला नाही. दोन्ही हातांची मिळून बारा काकणं पुसून टेबलावर ठेवली, तेव्हा एकही तडकलेलं नव्हतं.

"असा हात कुणी शिकवला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शिकवाय कोन होतं?"

आवडीने मुंबईच्या अर्जावर सही केली, सावकाश, काना-मात्रा सांभाळून. सासू वाकून बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता. गोमाजीनेही पुढे होऊन पाहिलं आणि घसा खाकरला.

"आता त्या सहा म्हैन्यांच्या वर्गात माजं नाव घाला," ठकूबाई म्हणाली.

बाईंनी मान वर केली. याच वर्गाचं बोलावणं ठकूबाईने दोनदा परतवलं होतं. मला काय शिकवतायत, म्हणून.

"तुम्ही येणार?"

"ही येईस्तवर वाडी कुनी बघायची? आनि ही आली की हिच्या हाताखाली बसाया मला काय तरी यायला नको?"

तिने पदर खोचला आणि दोन्ही हात बाईंपुढे धरले.

"माज्याकडं उतरवायचं कायच नाय. लिवा."