आडवं की भरून

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण चंपतरावांच्या घरी सगळा उलटा कारभार. मानेतली रक्तवाहिनी सत्तर टक्के बुजली आहे, ऑपरेशन करून घ्या, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तर हे म्हणाले, "माह्या पोरीले विचारतो." पोरगी काही औषधपाण्याची डॉक्टर नव्हती. दामिनी इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून ठोक्याठोक्याला रक्त कसं धावतं, ते कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, हा तिचा विषय. चार वर्षं परक्यांच्या माना झाल्या, आता बापाची आली.

तिने रिपोर्टमधला सत्तरचा आकडा घातला आणि दिवसभर कॉम्प्युटर चालू ठेवला. निकाल बरा आला. ठोका पडला की रक्त अरुंद जागेतून जरा जोरात निघे, ओसरला की निवे. दामिनीने लगेच फोनवर सांगितलं, "बाबा, इतकं काही वाईट दिसत नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हेच. चंपतरावांनी ते गावभर, सगळ्या कोराडीत केलं, आणि गुरुवारचं ऑपरेशन सोमवारी फोन करून रद्द करायचं ठरवलं.

रविवारी ती नागपुरातल्या मनीषनगरहून लॅपटॉप घेऊन कोराडीला गेली. चंपतरावांनी वीज केंद्रात चौतीस वर्षं बॉयलरच्या नळ्या दुरुस्त केल्या होत्या. चष्मा पुसून ते स्क्रीनपुढे बसले.

"हे माही नस व्हय?"

"हो."

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्याने राहवलं नाही. कारागिराला सगळं सोसतं, चुकीचं माप सोसत नाही.

"वाट लय मोठी काढली वं तू. आडवं मोजलं का भरून?"

"म्हणजे?"

"नळीत क्षार जमला का कोनी तोंडावर पट्टी आडवी धरून मोजे, कोनी पानी भरून मोजे. नळी तेच, आकडा येगळा."

दामिनीने रिपोर्ट उघडला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, सत्तर टक्के, व्यासाने. म्हणजे आडवं. तिने ते क्षेत्रफळ धरलं होतं, म्हणजे भरून. व्यास तीस उरला तर वाट शंभरात नऊच उरते, आणि तिने तीस ठेवली होती. दहावीच्या मुलाला येणारं गणित. कॉलेजात ती ज्यांना शिकवत असे, त्या मुलांना ती याच चुकीवर रागवत असे.

तिने माप बदललं आणि हिशेबासाठी रक्तवाहिनीचे पाडायचे तुकडे मोठे धरून घाईचा हिशेब लावला. स्वयंपाक होईपर्यंत चित्र आलं. आता प्रत्येक ठोक्याला रक्ताची बारीक धार सुसाट सुटत होती आणि पुढे भिंतीपाशी भोवरे फिरत होते. दामिनीला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, मी चुकले. डॉक्टरांचंच बरोबर आहे."

"मले माहीत होतं," चंपतराव म्हणाले. "दवाखान्यात नस तपासनाऱ्या बाईले मी तवाच इचारलं. आडवंच मोजतो म्हने."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुहा आकडा बरा वाटला."

दामिनीला राग आला आणि रडूही आलं. आधी कोणतं आलं, ते तिलाही कळलं नाही. चार दिवस हा माणूस खरं माप खिशात ठेवून तिच्या चुकीच्या आडोशाला बसला होता. आणि ती आपली मोठी शहाणी, तिने विचारलंही नव्हतं.

आतून आईने जेवायला हाक मारली. चंपतराव उठले नाहीत. स्क्रीनवर त्यांचं रक्त धावत होतं, त्याकडे ते बघत होते.

"उद्याचा फोन नाही करत," ते म्हणाले. "गुरुवारी जाऊ. मले भेव वाटते वं. माह्यासंग चाल."

"येते ना, बाबा."

"हे मशीन मात्र घरीच ठेव."