तर काय?

माझ्या नवऱ्याला वेळ विचारली तरी तो म्हणतो, "तसं बघायला गेलं तर, साडेदहा." आता यात बघायला कुठे जायचंय? घड्याळ समोर टांगलंय! आमचं लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का असं त्याला चार माणसांत विचारलं, तेव्हाही तो म्हणाला होता, "तसं बघायला गेलं तर, पसंत आहे." माझा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. तो इतका हसला की खुर्चीवरून पडला. पुढे याच माणसाबरोबर रोज ओझी वाहायची आहेत, हे त्या बिचाऱ्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमचा धंदा घरसामान हलवण्याचा. टेम्पो मी चालवते, सामान ते दोघं वाहतात. जे लिफ्टमध्ये मावत नाही ते जिन्याने न्यायचं. भाऊ वरच्या टोकाला, पाठमोरा चढत. नवरा खालच्या टोकाला, कारण जिन्यात सगळा भार खालच्यावर येतो आणि खांदे त्याचे रुंद. मध्ये कपाट. एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही. मी मागून चढते, कोपरे बघते आणि लोकांच्या भिंती सांभाळते.

ओझं उचललं की नवऱ्याचं सुरू. "तसं... बघायला... गेलं... तर." एक पायरी. "तसं... बघायला... गेलं... तर." दुसरी पायरी. पुढे काही नाहीच. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत वाक्य काही पुरं होत नाही.

"तर काय?" भाऊ वरून खेकसायचा. "तर काय, भाऊजी? एकदाचं सांगून टाका ना!"

"काही नाही रे. असंच."

भावाचं स्वतःचं म्हणाल, तर तो प्रत्येक बोलण्याला "विषय संपला" असं कुलूप घालतो. चहात साखर कमी आहे, विषय संपला. पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, तसं आपलं बोलणं कुणाला ऐकू येतं? मला मात्र असली कुठलीच सवय नाही, खोटं नाही सांगत.

एकदा काम आटोपून परत येताना, नवरा मागे सामानाच्या पट्ट्या गुंडाळत बसला होता, तेव्हा भाऊ माझ्या शेजारी बसून म्हणाला, "ताई, मी गोदामात लागतोय. तिथे मशीन उचलतं. आणि मशीन बोलत नाही."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी? झोपेत ऐकू येतं मला ते! एक तर ते तोंड बंद होईल, नाहीतर मी जाईन. विषय संपला."

कपाट एकट्याने उचलता येत नाही. नव्या माणसाचं आणि नवऱ्याचं कधी जमलं नाही; दोनदा माणसं ठेवून बघितली, दोन्ही वेळा लोकांची कपाटं ठेचली. भाऊ गेला की टेम्पो विकायचा, हे मला सरळ दिसत होतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "अहो, तेवढं एक वाक्य गिळा. नाहीतर भाऊ जातो, आणि टेम्पोही जातो."

"तसं ब..." तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "बरं."

सकाळी मी मुद्दाम वेळ विचारली. त्याने घड्याळाकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि म्हणाला, "साडेसात." मला हायसं वाटलं, खोटं नाही सांगत.

त्या दिवशी एका शिंपीणबाईंचं सामान होतं. त्या लेकीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. लेकीच्या इमारतीत शिवणाचं मशीन, कापडांची गाठोडी सगळं लिफ्टने वर गेलं. राहिलं शिसवी कपाट, दाराला पुरुषभर आरसा. आरशाला जुन्या चादरी गुंडाळल्या, पट्ट्या आवळल्या आणि दोघांनी उचललं.

जिन्यात चिडीचूप. फक्त धापा आणि बुटांचा आवाज. चौथ्या-पाचव्या पायरीलाच कोपरा भिंतीला लागला.

"हळू की, भाऊजी!"

"हळूच आहे."

कपाट पुन्हा हिसकलं, मग डावीकडे कललं. या दोघांच्या हातून इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी मागून त्यांचे पाय बघत होते, आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'तसं'ला पकड, 'बघायला'ला उचल, 'गेलं'ला पाय, 'तर'ला टेकणं. रोज दोघांची पावलं एकत्र पडायची ती त्या वाक्यावर. नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं, भावाला तर नाहीच.

मी "थांबा" म्हणायच्या आत वळण आलं. खाली नवरा पकड बदलत होता, वर भावाने पाय उचलला. कपाट फिरलं आणि नवऱ्याला घेऊन भिंतीवर आदळलं.

नवरा कपाटामागच्या कोपऱ्यात. माझ्या बाजूने त्याचा फक्त एक बूट दिसत होता.

"भाऊजी?" भाऊ म्हणाला. वरची पट्टी त्याच्या मुठीत होती. ती सोडली असती तर सगळा भार खाली गेला असता. "भाऊजी, लागलं का? ताई, दिसतायत का ते?"

"बूट दिसतोय." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"भाऊजी, बोला! शिव्या द्या मला, पण बोला हो काहीतरी!"

बूट हलत नव्हता. त्या वेळी टेम्पो, धंदा काही आठवलं नाही. मीच याचं तोंड बंद केलं, एवढंच मनात आलं.

मग कपाटामागून घरघरल्यासारखा आवाज आला. "तसं..." श्वास. "तसं बघायला... गेलं तर..."

"तर काय?" भावाने विचारलं. हा प्रश्न मी शेकडो जिन्यांत ऐकलाय. पण या वेळी भावाचा आवाज रडवेला होता. "तर काय, भाऊजी?"

"तर... कपाट जरा तुझ्याकडे ओढ. छाती दबलीय."

भावाने ओढलं, मी खालून रेटा दिला. नवरा बाहेर आला तो लालबुंद होऊन, पण धड. बरगड्यांना मुका मार, बाकी काही नाही. आरसाही शाबूत. भाऊ पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "विषय..." म्हणाला, पण पुढचं त्याला जमलं नाही.

मी दोघांना पावलांचं सांगितलं. "माझा पाय? यांच्या वाक्यावर? हॅ!" भाऊ म्हणाला. पण उठून पट्टी घेतली ती खालच्या टोकाची.

"तुम्ही वर जा, भाऊजी. वर भार नसतो. आणि तुम्ही बोलू नका, बरगड्या दुखतील."

त्यांनी उचललं. क्षणभर कुणीच हललं नाही. मग कपाटाखालून भावाचा आवाज आला, हळू, जरा लाजल्यासारखा. "तसं... बघायला... गेलं... तर."

दोघांची पावलं एकदम पडली. दुसरी पायरी, तिसरी. वळण सरलं.

"तर काय रे?" वरून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही, भाऊजी," भाऊ म्हणाला. "असंच."