दाराशी वाचायचं प्रकरण

"आज शेवटचं प्रकरण वाचायचं," खिडकीजवळच्या कॉटवरच्या मुलीने, वॉर्डाच्या चौकशीने, फर्मावलं.

सिस्टरने पुस्तक मिटलं. "ते दाराशी, घरी जाताना. नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर म्हणतेय."

मुलांच्या वॉर्डात या नियमाला डॉक्टरांच्या सहीपेक्षा जास्त वजन होतं. संध्याकाळची औषधं देऊन झाली की सिस्टर एक प्रकरण वाचायची. शेवटचं मात्र वॉर्डात वाचायचं नाही. ज्याला सुट्टी मिळेल त्याने घरचे कपडे घालायचे, दाराबाहेर जायचं, आणि तिथे ते त्याच्या एकट्यासाठी वाचलं जायचं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि मनातल्या मनात जळायचं. शेवट ऐकायच्या आशेने भलीभली हट्टी पोरं नाक मुरडत का होईना, कडू औषध गिळायची. युक्ती सिस्टरची होती, आणि आपण फार हुशार आहोत असं तिला त्या बाबतीत खुशाल वाटत असे.

पुस्तक जुनं, सिस्टरच्या आईच्या लहानपणापासून मुलं ते वाचत आलेली. मुखपृष्ठ कधीच गेलं होतं, त्या जागी चिकटपट्टीने एक्स-रेची फिल्म लावलेली. गोष्ट अशा एका गावाची, जिथले दिवे तेलावर नाही, प्रश्नांवर जळतात. गावकऱ्यांना आता सगळंच माहीत झालं आहे, कोणी कोणाला काही विचारत नाही, आणि एकेक गल्ली अंधारात चालली आहे. तिथे एक भोचक मुलगी येऊन पडते आणि घड्याळजीला, कासवाला, न्यायाधीशाला, दिसेल त्याला विचारत सुटते.

खिडकीजवळच्या कॉटवरची ही मुलगी तिची सख्खी बहीण शोभली असती. काढलेल्या रक्ताचं पुढे काय करता? सलाइन संपल्याचं झोपेत कसं कळणार? डॉक्टर पलंगापासून लांब जाऊनच का बोलतात? म्हणून तर वॉर्डाने तिला चौकशी हे नाव ठेवलं होतं. घरी कधी जायचं, एवढं मात्र तिने अलीकडे विचारणं सोडलं होतं. त्यामुळे सिस्टर तिच्या कॉटपाशी जरा जास्त वेळ थांबायची.

कारण डॉक्टरांनी आईवडिलांना जे सांगायचं ते सांगून झालं होतं. ही मुलगी आता घरी जाणार नव्हती.

आईने सिस्टरला पॅसेजमध्ये गाठलं. "वाचू नका हं सिस्टर. तुम्ही वाचलंत की तिला कळेल."

"आणि नाही वाचलं तर?"

"तर तिला वाटेल, अजून वेळ आहे."

"आणि ऐकायचं राहून गेलं तर, ताई?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आई पाण्याच्या नळाकडे निघून गेली. सिस्टरला स्वतःचाच राग आला. मुलं बरी व्हावीत म्हणून केलेला नियम, आणि आता तोच आडवा आला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकशीने सगळी व्यवस्था लावून ठेवली होती.

"आई, माझा निळा फ्रॉक पिशवीत आहे ना? घाल मला."

"कशाला गं?"

"नियम मोडायचा नाही ना. फ्रॉक घालायचा, चाकाच्या खुर्चीतून दाराशी जायचं आणि ऐकायचं. खरंच घरी गेलं पाहिजे, असं सिस्टर कुठे म्हणाल्यात?"

आईने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर मुलीकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, नुसती घाई होती.

"घाला फ्रॉक," सिस्टर म्हणाली.

फ्रॉक सैल झाला होता. आईने पाठीमागे चुण्या धरून पिन लावली. खुर्ची निघाली तशा टाळ्या सुरू झाल्या. "चालली, चौकशी चालली!" पोरं ओरडली. तिने मंत्र्यासारखा हात हलवला.

दाराबाहेर सिस्टरने वाचायला घेतलं. गावातला शेवटचा दिवा. त्याच्यासाठी गोष्टीतली मुलगी असं काही विचारते की सगळ्या शहाण्यांच्या माना खाली जातात. कोणालाच सांगता येत नाही. आणि दिवा लागतो.

"पण उत्तर?"

"पुस्तकात नाही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही गं, राणी."

या शेवटावर आजवर बहुतेक मुलं रुसली होती. एकाने तर पानं फाटलीत म्हणून भांडण काढलं होतं. चौकशीने मान मागे टेकली. "बरं झालं. मला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त मलाच सांगत नाहीत."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने सिस्टरने खुर्ची वळवून आत आणली, आणि तिचे हात थबकले. टाळ्या झाल्या की कॉट रिकामी, हे वॉर्डातल्या मावशींना अंगवळणी पडलेलं. त्यांनी चादर काढली होती, नावाची चिठ्ठी उतरवली होती आणि उघडी गादी फिनेलच्या फडक्याने पुसत होत्या. मावशींना आधी सांगून ठेवायला हवं होतं. ते सिस्टरला सुचलंच नव्हतं.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं..."

चौकशीने गादीकडे पाहिलं, मग मावशींकडे.

"मावशी, जरा घाई केलीत."

समोरच्या कॉटवरचा मुलगा खुदकन हसला. त्याला ती गंमत वाटली. मावशींनी काखेतली चादर तोंडाशी धरली.

सिस्टरने कपाटातून धुतलेली चादर आणली. मावशी पुढे सरसावल्या, त्यांना तिने हातानेच थांबवलं. हे काम तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. तिने चादर झटकून टाकली ती तिरकी पडली, पुन्हा ओढली, पुन्हा तिरकीच. कोपरे काही केल्या जुळेनात.

आई दारातच थिजून उभी होती. चौकशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आई, तिकडून धर ना."

आई आली. डोळे न पुसताच तिने दुसरं टोक धरलं आणि गादीखाली नीट खोचलं.