वगळलेले अकरा दिवस

सोमवार, १९ जून २०२३, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. न्यायालयाच्या व्हरांड्यात निवृत्त हवामान निरीक्षक तिसऱ्यांदा बाकावरून उठले. पायाशी दोन पिशव्या; त्यांत एकतीस वर्षांच्या वह्या, रोजच्या कमाल तापमानाच्या नोंदी ११,३२३.

"बाबा, बसा जरा. फरशी झिजेल," लेक म्हणाली.

संविधानाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात सोसवेल असे हवामानही येते. तरीही वाढत्या उष्म्याबाबत सरकार हातावर हात ठेवून बसले आहे, असा नागरिकांचा दावा होता. उष्मा वाढतो आहे, याचा मुख्य पुरावा या वह्यांचा. त्या लिहिणाऱ्या निरीक्षकांना, दशांशापर्यंतच्या काटेकोरपणामुळे, कार्यालयात 'दशांश' म्हणत.

त्यांनी नागरिकांच्या वकीलबाईंसमोर बारा वर्षांपूर्वीची वही उघडली. मे महिन्यातील सलग अकरा आकडे: ४३.०, ४३.५, ४४.०, पुन्हा ४३.५, पुढेही असेच. तापमापी इतकी समजूतदार नसते, असे ते म्हणाले. त्या दिवसांत ते कामावर नव्हते. बाराव्या दिवशी परतल्यावर त्यांनी ते रकाने अंदाजाने भरले. नियम रकाना मोकळा ठेवण्याचा होता.

वकीलबाईंनी वही मिटली. हे उघड झाले तर सगळ्याच वह्या बाद होऊ शकतात, असे त्यांनी हलक्या आवाजात समजावले. "काका, इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. कशाला उकरून काढताय?"

"माझ्या लक्षात आहे ना."

साक्ष सुरू होताच त्यांनी ते अकरा दिवस वगळण्याची विनंती केली. सरकारी वकील तत्काळ उठले: अकरा खोटे, तर बाकीचे खरे कशावरून? निरीक्षकांनी बाकीच्या नोंदींचे शेवटचे अंक तपासण्यास सांगितले. तेथे शून्यापासून नऊपर्यंतचे सर्व अंक जवळपास सारख्याच वेळा आले होते. अंदाज करणारा हात शून्यावर किंवा पाचावर थांबतो.

न्यायमूर्तींनी बराच वेळ पाने उलटली. "त्या अकरा दिवसांत कुठे होता?"

"रुग्णालयात, साहेब. पत्नीला उष्माघात झाला होता."

न्यायमूर्ती पुन्हा त्या अकरा दिवसांच्या पानावर आले.

"म्हणजे उष्मा होताच. आकडे फार चुकीचे नसतील."

"नसतील. पण मी मोजले नाहीत."

बाहेर आल्यावर लेकीने दोन्ही पिशव्या उचलल्या. आईचेच दिवस काढून टाकलेत, एवढेच ती म्हणाली. त्यांनी तिच्या हातातील एक पिशवी घेतली आणि जिना उतरू लागले.

चार महिन्यांनी निकाल आला. दावा मान्य, सहा महिन्यांत उष्मा आराखडा करण्याचा सरकारला आदेश. निरीक्षकांनी थेट परिशिष्ट उघडले.

ग्राह्य धरलेल्या नोंदी : ११,३१२.