वैशाखातली अर्थिंग

अकोल्याच्या कडेला, जिथं प्लॉट संपतात आणि वावरं सुरू होतात, तिथं आकांक्षाचं सासर. घरामागं मोकळं अंगण, अंगणापलीकडे नवं टिनाचं शेड. तिचा नवरा अंकुर इतकी वर्षं जठारपेठेतल्या दुकानात दुसऱ्याच्या नावावर पलंग-कपाटं करत आला होता. आता स्वतःच्या लाकूड कापायच्या मशीनवर, स्वतःच्या शेडमध्ये करणार होता. शेड उभं राहिलं, मशीनही आली. राहिली फक्त वीज.

सासरे सूर्यभानजी यांचा बेत एकदम सोपा. स्वयंपाकघराच्या बोर्डातून वायर काढायची आणि कपडे वाळवायच्या तारेवरून शेडात न्यायची.

"नत्थुजीनं गिरणीले तशीच नेली. काय झालं त्याले?"

"मामाजी, त्या तारेवर मी ओले कपडे टाकते. अन् पुनू खाली खेळते."

पुनू म्हणजे पौर्णिमा, आकांक्षाची दोन वर्षांची मुलगी. ती जन्मली त्याच दिवशी आकांक्षाच्या मनात भीती राहायला आली होती. वऱ्हाडात उन्हाळा लागला की कूलरला हात लागून कुणीतरी गेल्याची बातमी येतेच. ती बातमी आकांक्षा पूर्ण वाचायची, मग दिवसभर घरातल्या प्लगांकडे बघत बसायची. अमरावतीला बी.एस्सी. केलेली मुलगी, पण अभ्यासापेक्षा तिला भीतीनंच जास्त शिकवलं असावं.

तिनं बसून सगळं ठरवलं. शेडची लाईन थेट मीटरपासून वेगळी न्यायची. वायर जमिनीखालून, आणि चर रेतीनं भरायची, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हात आखडते आणि पुरलेली वायर ओढून धरते. बंद करायचं बटण अंकुरच्या हाताशी, पुनूच्या हाताबाहेर. आणि शेडला स्वतःची अर्थिंग, म्हणजे मशीनमध्ये उतरलेला करंट माणसाला न लागता जमिनीत जाईल.

"शेड बांधून राहिलो का पॉवर हाऊस?" अंकुर हसला. पण एकही गोष्ट त्यानं गाळली नाही.

दिवाळीनंतर इनायतुल्लाभाई आले. इलेक्ट्रिशियन नामी, आणि आपण नामी आहोत हे त्यांना ठाऊक. शेडच्या कोपऱ्याबाहेर खड्डा करून त्यांनी कोळसा-मीठ घालून पाईप पुरला, अर्थिंगला बल्ब जोडून पाहिला; अर्थिंग जितकी चांगली तितका बल्ब प्रखर. बल्ब पांढराशुभ्र पेटला.

"देखो भाभी, अमरावतीच्या कॉलेजात असा उजेड पडला होता का?"

सगळे हसले, आकांक्षाही.

वाढीव लोडची मंजुरी आणि शेडची फरशी यात हिवाळा सरला. मशीन अक्षय तृतीयेला सुरू करायची ठरली. सूर्यभानजींनी दर्यापूरच्या जावयांना, देवमनरावांना, फोनही केला.

तोवर ऊन चढलं आणि अंगण फाटलं. काळ्या मातीच्या भेगांत पुनूचं काही ना काही रोज पडायचं: चमचा, भातुकलीतलं झाकण, केसांचा चाप. चिमट्यानं ते काढता काढता आकांक्षाला अंगणातली भेग न् भेग पाठ झाली. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी चाप पडला तो शेडच्या कोपऱ्याबाहेर. ती वाकली आणि तशीच राहिली. अर्थिंगच्या पाईपाभोवती मातीनं अंग चोरलं होतं. मधल्या फटीत तिचं बोट सहज जात होतं.

तिनं इनायतुल्लाभाईंना बोलावलं.

"भाभी, तुमच्यासमोरच तं तपासली होती."

"तेव्हा माती ओली होती, भाई. आता तपासा."

बल्ब पेटला, पण राखेतल्या निखाऱ्यासारखा, लालसर.

"दोन बादल्या पाणी टाका," सूर्यभानजी म्हणाले. "समदेच टाकतात."

पाणी टाकलं. थोड्या वेळानं बल्ब उजळला. सगळे तिच्याकडे पाहू लागले, जणू मिटलं.

"अन् उद्या कोण टाकीन? मी माहेरी गेली तं? ज्या दिवशी इसरलो त्या दिवशी मशीनले पोरीचा हात लागला तं?" आकांक्षा सासऱ्यांकडे वळली. "मामाजी, उद्या मशीन चालू नाही करायची."

सासऱ्याला 'नाही' म्हणायची ही तिची पहिलीच वेळ.

"पाहुणे बलावले मी," सूर्यभानजी म्हणाले. "त्याईले काय सांगू, सून भेते म्हणून?"

"सांगा. भेतेच मी." मग तिनं न्हाणीच्या मागं बोट दाखवलं. "तिथं पाहा. तिथं पुनूचं कधीच काही पडत नाही."

न्हाणीचं पाणी मुरायचं तिथं अळू माजलं होतं. भर वैशाखात तिथली माती सलग होती, एक चीर नाही. सूर्यभानजींनी उकिडवं बसून ढेकूळ मुठीत दाबलं. ते मोडलं नाही, दबलं. ते उठले आणि स्वतःच कुदळ घेऊन आले.

नवा पाईप आधीच्यापेक्षा खोल गेला. तिथून शेडपर्यंत अर्थिंगची पट्टी न्यायला दुपार उलटली. मग बल्ब जोडला. त्या उजेडाकडे डोळे उघडे ठेवून बघवत नव्हतं.

"आता जिथं जाईन तिथं पहिले इचारतो," इनायतुल्लाभाई घाम पुसत म्हणाले, "का भाभी, आंघोळीचं पाणी कुठं सोडता?"

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. देवमनराव पुढं होऊन बटणाकडे हात नेऊ लागले, तसा सूर्यभानजींनी त्यांचा दंड धरला.

"थांबा जावईबापू. पहिले आमच्या सूनबाईले इचारा. काळ्या मातीत अर्थिंग वैशाखात पाहा लागते, दिवाळीत नाही. दिवाळीत तं कोणाचीही चांगलीच निंगते."

जन्मभर हेच काम केल्यासारखे ते सांगत होते. पाहुण्यांना न्हाणीमागं नेऊन त्यांनी अळूही दाखवलं. पुनूला कडेवर घेतलेल्या आकांक्षाचे कान तापले, पण मान खाली गेली नाही.

अंकुर मशीनपाशी उभा राहून तिच्याकडे पाहत होता. तिनं होकार दिला. सागवानाची पहिली फळी सरसर कापली गेली आणि भुशाचा गोड वास अंगणभर झाला.

पुनू केव्हाची खाली उतरायला धडपडत होती. आकांक्षानं तिला अंगणात सोडलं.