प्रभारी आई

आमच्या घराण्यात आईकडून मुलीकडे चालत आलेला शुक्रवारचा दिवा गेल्या आठवड्यात माझ्या हातून चुकला. ज्यूंना छळणाऱ्या इजिप्तच्या फारोला आणि रोमनांना जे जमलं नाही, ते मी दुपारच्या झोपेत करून दाखवलं.

असं काही झालेलं नाही, हे आमचं अधिकृत म्हणणं.

आम्ही चेऊलकर, नाशकातल्या आमच्या गल्लीतलं एकुलतं एक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घर. पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरातली बाई दिवा लावते, की शब्बाथ सुरू. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काडी ओढायची नाही, बटण दाबायचं नाही, फोन उचलायचा नाही.

आई दोन महिन्यांपूर्वी माझ्या बहिणीच्या, रिव्काच्या बाळंतपणाला इस्रायलमध्ये अश्दोदला गेली. जाताना दिवा माझ्या हातात देऊन म्हणाली, "अब्नेर, एक जरी शुक्रवार चुकला, तर मी मिळेल त्या विमानाने परत येईन."

"आणि रिव्का?"

"तिला सांगेन, तुझ्या भावामुळे."

अशा रीतीने सव्विसाव्या वर्षी मी प्रभारी आई झालो.

आमच्या समोर मंगलामावशी राहतात. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा आहे. शनिवारी आई बटण दाबत नाही, आणि दुसऱ्याला 'दाब' असंही सांगत नाही, कारण सांगणं हेही कामच. ती दारात उभी राहून भिंतीला म्हणते, "काय अंधार आहे बाई." मावशी येतात, ट्यूबलाइट लावतात आणि भिंतीलाच म्हणतात, "होताच अंधार." बावीस वर्षं हे चाललंय. आता मावशींना सरळ बोलताच येत नाही.

शुक्रवारी चार वाजता त्यांनी बेल वाजवली. "आबा," मला त्या आबा म्हणतात, "आज दिवस लवकर बुडंल, नाय का?"

"फेब्रुवारी आहे, मावशी," असं म्हणून मी झोपलो.

साडेपाचला पुन्हा बेल. "तुमच्याकडं तेल कुठलं असतं रे?"

"शेंगदाण्याचं. देऊ का वाटीभर?"

"नको. तुझ्याकडंच लागंल."

मला वाटलं, आई नाही म्हणून करमत नसेल बिचारीला. पुन्हा झोपलो.

उठलो तेव्हा खिडकीत सूर्य नव्हता आणि फोनवर आईचे चौदा मिस्ड कॉल होते. मी काडीपेटी उचलली आणि तसाच उभा राहिलो. काडी ओढली तर शब्बाथ मोडतो, नाही ओढली तर दिवा चुकतो, आणि दोन्ही वाटा ओझर विमानतळावर बॅग घेऊन उभ्या असलेल्या आईपाशीच जातात. तिकडे रिव्काचा नववा महिना. फोन पंधराव्यांदा वाजायला लागला.

मी दारात गेलो आणि समोरच्या बंद दाराला म्हणालो, "काय अंधार आहे."

दार इतक्या पटकन उघडलं की मावशी त्याला टेकूनच उभ्या असाव्यात. हातात पातेलं होतं, त्यात काळ्या मनुकांचं सरबत. नाशकात वाइनला तोटा नाही, पण किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या, पेल्यात आमच्या आजीने मनुकांचं सरबत ओतलं, म्हणून आईही तेच ओतते. मनुका सकाळीच भिजत घालाव्या लागतात. त्या मावशींनी घातल्या होत्या.

त्यांनी वात सारखी केली, दिवा लावला आणि वाजणारा फोनही उचलून समोर धरला.

आईच्या मागे लख्ख ऊन होतं. तिकडे अजून दुपार.

"मंगल, दिवा?"

मावशींनी फोन दिव्यापुढे नेला.

"कोणी लावला?"

"आईनं," मावशी म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"स्वराजच्या." स्वराज हा मावशींचा मुलगा, त्यामुळे हे खोटं नव्हतं.

आई म्हणाली, "तुला म्हटलं होतं, त्याला आठवण करून द्यायची नाही. सांगून केलं तर ते त्याचं राहत नाही."

"मी कुठं सांगितलं, एलीताई? मी तेलाचं विचारलं."

"मग?"

"मग हाच दारात आला आन् म्हणला, काय अंधार आहे."

"असं म्हणाला? भिंतीला?"

"दाराला. पण तुमच्यावाणीच."

आईने चष्मा काढून पुसला आणि ऊन फार आहे म्हणाली. मग वळून म्हणाली, "रिव्का, ती बॅग परत कपाटावर ठेव. निम्मं शिकलाय."

शब्बाथात लिहायचं नसतं, म्हणून अर्ज रविवारी केला:

प्रति, सूर्यास्ताची वेळ ठरवणारे सक्षम अधिकारी, यांस.

महोदय, गेल्या शुक्रवारी इंदिरानगर येथील सूर्य सहा पस्तीसऐवजी सात वाजता मावळला, अशी पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती करावी. तसेच श्रीमती मंगलाबाई यांना बावीस वर्षांच्या अखंड सेवेची दखल घेऊन आमच्या घराण्याच्या आईपदावर सामावून घ्यावे. सध्याची प्रभारी आई दुपारी झोपते. मंजुरीचे पत्र अर्जदारास पाठवू नये. दारात येऊन भिंतीस कळवावे, म्हणजे आम्हाला समजेल.